पाच डेसिबलला एक मीटर : पाणबुडीची तरंगती तार आणि तिचा ॲम्प्लिफायर

पाण्याखालच्या पाणबुडीला किनाऱ्यावरून निरोप पोचवायचा, तर किनाऱ्यावरचं काम अवाढव्य असतं आणि पाणबुडीतलं बारीक. किनाऱ्यावर कित्येक एकरांवर पसरलेली ॲन्टेना, उंच मनोरे आणि शेकडो किलोवॅटचा ट्रान्समीटर लागतो. पाणबुडीच्या मागे असते ती बोटाएवढ्या जाडीची, काही शे मीटर लांबीची, पाण्यावर तरंगणारी एक तार. त्या तारेत जेमतेम काही मायक्रोव्होल्ट उतरतात आणि ते उचलायला एक छोटा ॲम्प्लिफायर बसवलेला असतो. मनोऱ्यांचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. ॲम्प्लिफायरची मात्र फारशी कुणी दखल घेत नाही, आणि निरोप हाती लागणार की नाही हे बऱ्याचदा त्याच्यावरच ठरतं.

चांगला ॲम्प्लिफायर कोणता, असं विचारलं की पहिलं उत्तर येतं, सिग्नल जास्त पट वाढवणारा. पण दूरचं स्टेशन ऐकताना आवाजाची कळ फिरवली की गाण्याबरोबर खरखरही वाढते, हे रेडिओ वापरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सिग्नल लाखपट करणं आज काही रुपयांच्या चिपचं काम आहे. अवघड आहे ते आपली खरखर त्यात न मिसळणं, आणि शेजारच्या बलाढ्य सिग्नलने गुदमरून न जाणं. तरंगत्या तारेच्या बाबतीत या दोन गुणांचं मोजमाप थेट मीटरमध्ये करता येतं, म्हणजे तार पाण्यात किती खाली गेली तरी निरोप हाती लागेल ते सांगता येतं. या विषयातली साधनं, मतभेद आणि तडजोडी याच मापाने पाहिल्या तर चित्र बरंच स्पष्ट होतं.

हातखंब्याहून दिसणारा नकाशा

हा विषय आपल्या किती जवळ आहे, ते कोकणातल्या एका ठिकाणावरून पाहू. रत्नागिरी शहराकडून येणारा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला जिथे मिळतो, तो हातखंब्याचा तिठा. पश्चिमेला दहा-पंधरा किलोमीटरवर अरबी समुद्र, पूर्वेला वळवाच्या दिवसांत विजांनी पेटणारा सह्याद्री, पायाखाली जांभ्याचा कातळ. इथून दक्षिणेला सरळ रेषेत हजार किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरावर, तमिळनाडूच्या तिरुनेलवेली जिल्ह्यात विजयनारायणम् इथे नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र आहे. ते १९९० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. पाणबुड्यांसाठी ते १८.२ किलोहर्ट्झवर प्रक्षेपण करतं. तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात दामगुंडम इथे अशाच दुसऱ्या केंद्राची पायाभरणी १५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाली. हातखंब्यापासून ते साधारण पाचशे किलोमीटरवर, म्हणजे निम्म्या अंतरावर येतं.

निरोप घेणाऱ्या पाणबुड्यांचा आणि महाराष्ट्राचा संबंध तर थेट आहे. माझगाव गोदीत १९९२ मध्ये आयएनएस शाल्की आणि १९९४ मध्ये आयएनएस शंकुल बांधून झाल्या. पुढे २०१७ ते २०२५ या काळात कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर आणि वाघशीर या सहा पाणबुड्या याच गोदीतून नौदलात दाखल झाल्या. खांदेरीचं नाव अलिबागजवळच्या शिवकालीन जलदुर्गावरून आलेलं आहे.

इतक्या कमी वारंवारतेचा हट्ट कशासाठी, याचं उत्तर समुद्राच्या पाण्यात आहे.

पाणी किती खातं

खारं पाणी विजेचं चांगलं वाहक आहे आणि वाहकात रेडिओलहर फार आत शिरत नाही. वारंवारता जितकी जास्त, तितकी ती लवकर विरते. १८.२ किलोहर्ट्झची लहर दर मीटर खोलीला पाच डेसिबलच्या आसपास क्षीण होते, म्हणजे तिचा जोर एका मीटरमागे जवळजवळ निम्मा होतो. आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र ज्या मध्यम लहरींवर, ११४३ किलोहर्ट्झवर ओळखलं जातं, त्या लहरीला तेवढ्याच मीटरभर पाण्यात चाळीस डेसिबलहून अधिक फटका बसतो. मोबाइलच्या किंवा उपग्रहाच्या लहरींना पृष्ठभागाखाली जागाच नाही.

परदेशी पुस्तकांतली कोष्टकं वापरताना इथे एक सावधगिरी हवी. त्यांतला समुद्र बहुधा अटलांटिकसारखा थंड धरलेला असतो आणि पाण्याची वाहकता मीटरला ४ सीमेन्स मानलेली असते. त्या पाण्यात ऱ्हास मीटरला ४.७ डेसिबल येतो. अरबी समुद्राचं पाणी उबदार आणि अधिक खारट आहे. वरच्या थरात त्याची वाहकता साडेपाच सीमेन्सच्या घरात जाते आणि ऱ्हास साडेपाच डेसिबलच्या जवळ पोचतो. म्हणजे तीच यंत्रणा आपल्याकडे सुमारे पंधरा टक्के कमी खोली देते. पुढच्या हिशेबात सोयीसाठी पाच डेसिबलला एक मीटर हा गोल दर धरला आहे.

वारंवारता आणखी खाली नेली तर लहर आणखी खोल जाते. अमेरिकेने विस्कॉन्सिन आणि मिशिगन राज्यांतून २००४ पर्यंत ७६ हर्ट्झवर प्रक्षेपण केलं. त्या लहरीला सव्वाशे-दीडशे मीटर पाणी तेवढाच फटका देतं, जेवढा १८ किलोहर्ट्झच्या लहरीला आठ मीटर देतं. मात्र त्यावर एकेक अक्षर पाठवायला काही मिनिटं लागत. १८ किलोहर्ट्झच्या परिसरात सेकंदाला काही दशक ते काही शे बिट जाऊ शकतात, एवढ्यात निरोप सांगून होतो. म्हणून जगातल्या बहुतेक नौदलांनी हाच पट्टा पत्करला. जर्मनीने १९४३ साली काल्बे इथे उभारलेला एक हजार किलोवॅटचा ‘गोलियाथ’, ऑस्ट्रेलियातल्या एक्समाउथचं १९.८ किलोहर्ट्झचं केंद्र आणि आपलं विजयनारायणम् हे सगळे याच घराण्यातले.

तारेच्या वाट्याला काय येतं

हवेतून येणाऱ्या या लहरीचं विद्युत क्षेत्र जवळजवळ उभं असतं. समुद्राचा पृष्ठभाग पूर्ण वाहक नसल्यामुळे ते किंचित पुढे झुकतं आणि त्यातून एक अगदी क्षीण आडवा घटक तयार होतो. १८ किलोहर्ट्झला हा आडवा घटक उभ्याच्या दोन हजाराव्या भागाएवढाच असतो. पाण्यात उतरतो तो हाच, आणि पाण्यावर आडवी पडलेली तार त्यालाच पकडते.

उदाहरणादाखल धरू, की हवेतलं क्षेत्र मीटरला एक मिलिव्होल्ट आहे. पृष्ठभागालगत पाण्यात ते मीटरला अर्धा मायक्रोव्होल्ट उरतं. तारेची परिणामकारक लांबी तीस मीटर मानली तर तिच्या टोकांशी पंधरा मायक्रोव्होल्ट मिळतात. तार काही शे मीटरची असताना तीसच का? इन्सुलेशन घातलेली तार आणि भोवतीचं खारं पाणी मिळून एक लांब कोॲक्सियल केबलच बनते आणि लांबवरच्या टोकाची वीज वाटेतच विरत जाते. त्यामुळे लांबी वाढवत नेली तरी ठरावीक मर्यादेपलीकडे हाती काही लागत नाही. उरलेली लांबी लागते ती ॲन्टेनाचा भाग पाणबुडीपासून दूर आणि पृष्ठभागाजवळ ठेवण्यासाठी.

तारेचे दोन स्वभावदोष सगळे मान्य करतात. एक, ती आपल्या लांबीच्या दिशेने येणारी लहर उत्तम पकडते आणि काटकोनातून येणारी जवळजवळ सोडून देते. त्यामुळे निरोपाच्या वेळी पाणबुडीला दिशा सांभाळावी लागते. दोन, वेग वाढला की तार पाण्याखाली ओढली जाते. प्रत्येक मीटरची किंमत पाच डेसिबल असल्याने निरोपाच्या वेळी पाणबुडी संथ चालते. पावसाळ्यातल्या अरबी समुद्रात काही मीटर उंचीच्या लाटा तारेवरून जातात, तेव्हा तर खोली क्षणाक्षणाला बदलते. ॲम्प्लिफायरच्या अंगात काही मीटरांची शिल्लक असावी लागते ती यासाठी.

खरखरीचा जमाखर्च

इथे या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते, आणि ती प्रथमदर्शनी उलटी वाटते. रेडिओच्या या पट्ट्यात खरी खरखर आभाळातून येते. जगभर कुठे ना कुठे विजा पडत असतात आणि त्यांचा कडकडाट रेडिओलहरींच्या रूपात हजारो किलोमीटर पसरतो. उष्ण कटिबंधात तो अधिकच. ही खरखर हवेत इतकी मोठी असते की जमिनीवरच्या रिसीव्हरचा ॲम्प्लिफायर साधारण दर्जाचा असला तरी चालून जातं.

नारायणगावजवळ खोडद इथल्या जीएमआरटी दुर्बिणीशी तुलना केली तर हे नीट कळतं. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या त्या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४०० मेगाहर्ट्झच्या आसपास आकाश शांत असतं, त्यामुळे तिथे ॲम्प्लिफायरची स्वतःची खरखर जितकी कमी तितकी दुर्बीण तीक्ष्ण. त्याच दुर्बिणीत १५० मेगाहर्ट्झला आलं की आकाशगंगेचीच खरखर वरचढ होते आणि ॲम्प्लिफायरवरचा ताण सैल पडतो. १८ किलोहर्ट्झला तर आभाळाची खरखर ॲम्प्लिफायरच्या कितीतरी पट मोठी.

मग तरंगत्या तारेसाठी खास ॲम्प्लिफायर कशाला? कारण समुद्र सिग्नल आणि आभाळाची खरखर या दोघांनाही सारख्याच प्रमाणात कापतो. दोघांचं गुणोत्तर पाण्यात तसंच राहतं. तार खाली जाऊ लागली की सिग्नल क्षीण होतो, खरखरही तेवढीच क्षीण होते आणि निरोप वाचता येत राहतो. हे कुठपर्यंत चालतं? आभाळाची खरखर ॲम्प्लिफायरच्या आणि तारेच्या स्वतःच्या खरखरीएवढी खाली येईपर्यंत. त्याखाली गेलं की सिग्नल बुडतो.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. आभाळाची खरखर हवेत मीटरला शंभर मायक्रोव्होल्ट मानली तर पृष्ठभागालगत तारेत तिचे दीड मायक्रोव्होल्ट होतात. तारेचा रोध ५० ओहम आणि रिसीव्हरची पट्टी २०० हर्ट्झ धरली, तर निव्वळ उष्णतेमुळे त्या रोधातून उठणारी खरखर तेरा नॅनोव्होल्ट भरते. दोघांत एकेचाळीस डेसिबलचं अंतर आहे, म्हणजे सुमारे आठ मीटर पाणी. ॲम्प्लिफायर आदर्श असेल तर ते आठही मीटर आपले. त्याने दहा डेसिबलची भर घातली तर दोन मीटर गेले. समुद्र, तार आणि ट्रान्समीटर तेच राहतात, फक्त हातभर लांबीच्या एका सर्किटमुळे पाणबुडीची मोकळीक पाव भागाने घटते.

ट्रान्झिस्टर, चिप आणि तांब्याचे वेढे

ॲम्प्लिफायरची खरखर दोन वाटांनी येते. एक व्होल्टेजच्या रूपात, दुसरी त्याच्या इनपुटमधून उलट्या बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म प्रवाहाच्या रूपात. हा प्रवाह ॲन्टेनाच्या रोधातून वाहिला की तिथेही व्होल्टेज तयार होतं. त्यामुळे ॲन्टेनाचा रोध किती, यावर निवड ठरते.

हवेत उभी केलेली मीटरभराची दांडी या वारंवारतेला जवळजवळ निव्वळ कपॅसिटर असते. तिचा विरोध लाखो ओहमांत जातो. तिथे प्रवाहाची खरखर नगण्य असलेला फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर, म्हणजे एफईटी, हवा. पाण्यातली तार याच्या दुसऱ्या टोकाला आहे. टोकाचा धातू थेट समुद्राला टेकलेला असल्याने तिचा रोध काही दशक ओहमच भरतो. तिथे व्होल्टेजची खरखर कमी असलेला बायपोलर ट्रान्झिस्टर किंवा त्यावर बेतलेली चिप शोभते. हौशी लोक हवेतल्या दांडीसाठी गाजलेलं सर्किट तसंच उचलून पाण्यातल्या तारेला लावतात आणि निराश होतात, त्याचं कारण हे.

एडी७९७ किंवा एलटी१०२८ या जुन्या, नावाजलेल्या चिपांची खरखर दर वर्गमूळ हर्ट्झला ०.९ नॅनोव्होल्टच्या आसपास आहे. योगायोगाने ५० ओहमच्या रोधाची उष्णतेची खरखरही तेवढीच. दोन्ही सारखी असली की एकूण तीन डेसिबल वाढते, म्हणजे अर्ध्या मीटरहून थोडी जास्त खोली हातची जाते. याहून शांत चिप शोधत बसण्यापेक्षा जुना उपाय सोपा आहे. मध्ये एकास चार वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर घातला की सिग्नल आणि तारेची खरखर दोन्ही चौपट होतात, आणि चिपची खरखर होती तिथेच राहते. चिपला दिसणारा रोध आता ८०० ओहमचा होतो. प्रवाहाची खरखर धरूनही एकूण नुकसान चिपनुसार अर्ध्या ते एका डेसिबलवर येतं, म्हणजे दहा ते वीस सेंटिमीटर. तांब्याच्या काही वेढ्यांनी जवळजवळ अर्धा मीटर परत मिळवून दिला.

हीच युक्ती जमिनीवरच्या संशोधनातही दिसते. स्टॅनफर्ड विद्यापीठात घडवलेल्या ‘ऑसम’ या रिसीव्हरच्या चौकटी ॲन्टेनाचा रोध मुद्दाम एका ओहमवर ठेवतात आणि पहिल्या टप्प्यावर ट्रान्सफॉर्मर बसवतात. २००७ च्या आंतरराष्ट्रीय सौरभौतिकी वर्षाच्या निमित्ताने हे रिसीव्हर अलाहाबाद, वाराणसी आणि नैनितालला लागले. त्यातलं अलाहाबादचं केंद्र पनवेलला मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं आहे.

ट्रान्सफॉर्मरवर आक्षेपही आहेत, आणि ते खरे आहेत. तांब्याचा स्वतःचा रोध खरखर आणतो. गाभा तृप्त झाला की सिग्नल विकृत होतो. एकाच तारेवर अनेक पट्टे ऐकायचे झाले तर एकच ट्रान्सफॉर्मर सगळीकडे सारखा चालत नाही. शिवाय तारेचा रोध स्थिर नसतो, किती तार सोडली आणि ती किती खोल आहे त्यावर तो हलतो. म्हणून नेमकी जुळणी साधायच्या मागे न लागता बऱ्यापैकी जुळणी आणि मोठी सहनमर्यादा हे धोरण टिकाऊ ठरतं. एकाच पट्ट्यासाठी ट्रान्सफॉर्मर आणि बहुपट्टा केबलसाठी फीडबॅकने इनपुटचा रोध बांधलेलं सर्किट, अशी ढोबळ वाटणी करता येईल.

बलाढ्य शेजारी

स्वतःची खरखर कमी झाली तरी काम अर्धंच होतं. समजा पाणबुडी अशा किनाऱ्याजवळ आहे, जिथून दहा किलोमीटरवर २० किलोवॅटचं मध्यम लहरींचं केंद्र चालू आहे. तिथे त्या केंद्राचं क्षेत्र मीटरला शंभर मिलिव्होल्टच्या वर असतं. वारंवारता जास्त असल्याने पाण्यात उतरणारा आडवा घटकही मोठा, उभ्याच्या तीनशेव्या भागाएवढा. तार पृष्ठभागावर असताना पाणबुडीसाठी पाठवलेल्या सिग्नलपेक्षा हे प्रसारण जवळपास हजारपट जोराने पोचतं. दोनेक मीटर खाली गेलं की ते मागे पडतं, पण लाटांवर झुलणारी तार क्षणात वर आणि क्षणात खाली असते.

तारेत क्षणात काही मिलिव्होल्टचा पाहुणा येतो, आणि ॲम्प्लिफायरला ऐकायची असते ती दहा-वीस नॅनोव्होल्टपर्यंतची पातळी, म्हणजे लाखो पटींचा फरक. ॲम्प्लिफायर जरासा जरी वाकडा चालला, तर मध्यम लहरीवरचं बोलणं किंवा दोन केंद्रांचा मिलाफ खाली उतरून १८ किलोहर्ट्झवर येऊन बसतो, आणि मग कुठलीही गाळणी तो वेगळा काढू शकत नाही. म्हणून पहिल्या ट्रान्झिस्टरच्याही आधी कॉइल आणि कपॅसिटरची साधी गाळणी असावी, याबद्दल फारसं दुमत नाही. वाद आहे तो गाळणी किती तीव्र असावी याबद्दल. प्रत्येक कॉइल थोडा सिग्नल खाते, आणि थोडा म्हणजे इथे सेंटिमीटरांत.

दुसरा शेजारी घरातलाच. पाणबुडीत मोठ्या बॅटऱ्या, मोटरी आणि वीज हवी तशी बदलून देणारे इन्व्हर्टर असतात. आधुनिक पॉवर सप्लाय वीस किलोहर्ट्झपासून पुढे विजेचे तुकडे पाडतात, अगदी या पट्ट्याच्या शेजारी. रिसीव्हरचं घर गोंगाटापासून दूर असावं ही समजूत महाराष्ट्रात जुनी आहे. १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी सेवा सुरू झाली तेव्हा ट्रान्समीटर खडकीला आणि रिसीव्हर दूर दौंडला ठेवला होता. त्याआधी मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणताच कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा नानाभाई मूस यांच्या काळात अलिबागला हलवली गेली आणि १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. पाणबुडीला असं गाव बदलता येत नाही. काही शे मीटर केबल सोडणं हाच तिचा दौंड आणि हेच तिचं अलिबाग.

तिसरा शेजारी वीज. जवळ पडलेल्या विजेचा ठोका इतका तीव्र असतो, की तो अरुंद गाळणीतून गेला तर गाळणी बराच वेळ घुमत राहते आणि त्या घुमण्यात कित्येक बिट बुडतात. उपाय क्रमाचा आहे. आधी रुंद पट्टीचा ॲम्प्लिफायर, मग ठोक्याचं टोक छाटणारं किंवा तेवढा क्षण वगळणारं सर्किट, आणि शेवटी अरुंद गाळणी. आधी अरुंद केलं की ठोका पसरतो आणि छाटायला काही उरत नाही. अर्थात यासाठी पहिला ॲम्प्लिफायर ठोका जसाच्या तसा पुढे देणारा आणि त्यातून लगेच सावरणारा हवा. रुंद पट्टी ठेवायची तर मध्यम लहरींची भीती, अरुंद करायची तर विजेची. या पेचातून बहुतेकांनी मधला रस्ता काढला आहे. पहिली गाळणी साठ-सत्तर किलोहर्ट्झपर्यंत मोकळी ठेवायची आणि त्यापुढे दार लावायचं.

खालच्या बाजूलाही दार हवं. तार पाण्यात थरथरते आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या वाहकात वीज निर्माण होते. समुद्राला टेकलेल्या धातूच्या टोकावर रासायनिक क्रियेची वेगळी कुरकुर असते. हे सगळं बहुतांशी काही शे हर्ट्झच्या खालचं. १८ किलोहर्ट्झला ते थेट त्रास देत नाही, पण आत शिरलं तर ॲम्प्लिफायरला झुलवतं. ७६ हर्ट्झसारख्या पट्ट्यात मात्र हीच कुरकुर मुख्य शत्रू ठरते.

आत की बाहेर

सर्वांत मोठा मतभेद ॲम्प्लिफायर कुठे ठेवायचा यावर आहे. पाणबुडीच्या आत ठेवला तर तो कोरडा, दुरुस्तीला सोपा आणि हवा तेवढा मोठा. १८ किलोहर्ट्झला काही शे मीटर केबलमध्ये सिग्नल फारसा आटत नाही, असं या बाजूचे लोक म्हणतात आणि ते बरोबर आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की केबल पाणबुडीजवळ येते तिथेच इन्व्हर्टरची खरखर तिच्यात शिरते, म्हणून सिग्नल त्याआधीच मोठा करून पाठवावा. शिवाय त्याच केबलवर वरच्या पट्ट्यांतलेही सिग्नल घ्यायचे असतील तर तिथे वाटेतला ऱ्हास खरोखर जाचतो.

बाहेर ठेवायचा म्हटलं की सर्किटपेक्षा बांधणी अवघड होते. केबल पाणबुडीतल्या रहाटावर गुंडाळली जाते आणि दाब अडवणाऱ्या तोंडातून आत-बाहेर सरकते. त्यामुळे ॲम्प्लिफायरला केबलच्या जाडीतच, म्हणजे दीड-दोन सेंटिमीटरांत मावावं लागतं आणि वाकावंही लागतं. केबलचं आवरण हवेचे सूक्ष्म बुडबुडे धरलेल्या हलक्या प्लास्टिकचं असल्याने ती तरंगते, पण धातू आणि सर्किटचा तुकडा बुडतो. त्याच्या दोन्ही बाजूंना जादा हलका भाग द्यावा लागतो. वीज सिग्नलच्याच तारेतून पोचवतात आणि दोघांना कॉइल व कपॅसिटरने वेगळं करतात. यात एक खाच आहे. आवरणाला बारीक चीर पडली तर धन बाजूचं तांबं खाऱ्या पाण्यात झपाट्याने झिजतं. म्हणून समुद्राला टेकणारं टोक कपॅसिटरने तोडलेलं असावं लागतं. ट्रान्समीटर किंवा वीज यांच्या धक्क्यापासून वाचवायला उलटसुलट डायोड लावतात, आणि तेच डायोड मोठ्या सिग्नलला वाकवून नवी खरखर करतात. तेव्हा डायोडही गाळणीच्या आत, जपून.

तराजूत घातलं तर निकाल असा लागतो. फक्त १८ किलोहर्ट्झच्या परिसरातला निरोप ऐकायचा आणि पाणबुडीचा आतला गोंगाट काबूत असेल, तर ट्रान्सफॉर्मर बाहेर आणि ॲम्प्लिफायर आत ही मांडणी साधी आणि टिकाऊ. बहुपट्टा केबल हवी असेल तर ॲम्प्लिफायर बाहेरच हवा, आणि मग पैसा व चाचण्या सर्किटवर कमी, आवरणावर अधिक खर्चाव्या लागतात.

तारेला पर्यायही आहेत. पाण्याखालून ओढायच्या बोयामध्ये एकमेकांशी काटकोनात चुंबकीय कॉइली बसवल्या की दिशेचं बंधन सुटतं, पण बोया मोठा असतो आणि त्याच्या दोरीचा गोंगाट वेगळा. सिग्नल ॲन्टेनापाशीच अंकांत बदलून काचेच्या तंतूतून आणणं ही नवी दिशा आहे. तिथे केबलमध्ये खरखर शिरण्याचा प्रश्न मिटतो. पण अंकांत बदलणाऱ्या चिपच्या आधी शांत आणि सरळ चालणारा एक टप्पा लागतोच. ट्रान्सफॉर्मर आणि पहिला ट्रान्झिस्टर अजून सुटलेले नाहीत.

कोकणात करता येण्याजोगं

हा विषय संरक्षण खात्याच्या कुंपणाआडचा वाटतो, पण त्यातली मोजमापं कुंपणाबाहेर होऊ शकतात. निरोपाचा मजकूर गुप्त असतो. लहर मात्र सर्वांच्या डोक्यावरून जाते आणि तिचा जोर मोजायला मजकूर लागत नाही. कोलकात्याच्या इंडियन सेंटर फॉर स्पेस फिजिक्स या संस्थेने विजयनारायणम् च्या १८.२ किलोहर्ट्झच्या सिग्नलवर वर्षानुवर्षं नोंदी घेतल्या आहेत. २२ जुलै २००९ च्या खग्रास सूर्यग्रहणात वातावरणाचा वरचा थर कसा बदलला, ते या सिग्नलमधून टिपलं गेलं.

रत्नागिरीतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे जमण्यासारखं आहे. एक मीटर बाजूच्या लाकडी चौकटीवर शंभर वेढे घातले तर १८.२ किलोहर्ट्झला तिची परिणामकारक उंची चार सेंटिमीटरच्या जवळ येते. मीटरला एक मिलिव्होल्टच्या क्षेत्रात त्यातून ३८ मायक्रोव्होल्ट मिळतात. ट्रान्सफॉर्मर, शांत चिप आणि सेकंदाला ४८ हजार नमुने घेणारं संगणकाचं साउंड कार्ड एवढ्यावर काम भागतं, कारण ते कार्ड २४ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू शकतं. सौरज्वाला उसळली की दिवसा हा सिग्नल अचानक उडी घेतो, तेही त्यात दिसतं.

जागा निवडताना मात्र तिठा टाळावा. महामार्गावरचे एलईडी दिवे, मोबाइल टॉवरचे पॉवर सप्लाय आणि सौर पॅनेलचे इन्व्हर्टर नेमके या पट्ट्यात खरखर करतात. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, त्यामुळे २५ हजार व्होल्टच्या तारांपासूनही अंतर हवं. गावापासून दूर कातळावर गेलं की पट्टा शांत होतो. जांभ्यात अर्थिंग चांगलं मिळत नाही, म्हणून जमिनीवर विसंबणाऱ्या दांडीपेक्षा चौकट इथे सोयीची.

मोजायचं काय? आभाळाची खरखर, बारा महिने, दिवसाच्या प्रत्येक तासाला. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं विजा शोधणारं जाळं आणि ‘दामिनी’ ॲप आज वीज कुठे पडली ते सांगतात. त्या माहितीशेजारी किनाऱ्यावरच्या खरखरीची पातळी ठेवली तर मे आणि ऑक्टोबरच्या वादळी संध्याकाळी ती किती चढते आणि जानेवारीच्या सकाळी किती उतरते, हे आकड्यांत येईल. ॲम्प्लिफायर बनवणाऱ्याला हाच आकडा लागतो. आभाळ गोंगाटाचं असेल तेव्हा ॲम्प्लिफायर आणखी शांत करण्यात पैसा घालून उपयोग नाही, छाटणारं सर्किट सुधारावं. आभाळ शांत असेल तेव्हाच चिपचा प्रत्येक डेसिबल खोलीत उतरतो.

त्या आकड्यांशिवाय केलेली रचना दुसऱ्या समुद्रासाठी शिवलेली असते. विकत घ्यायच्या किंवा घडवायच्या ॲम्प्लिफायरच्या कागदावर किती पट वाढवतो हा रकाना सर्वांत वर असतो. त्याच्या जागी अरबी समुद्राच्या पाण्यात, मे महिन्याच्या संध्याकाळी आणि जानेवारीच्या सकाळी, किती मीटरपर्यंत निरोप वाचता येतो हे दोन आकडे यावेत. ते भरण्यासाठी लागणारी खरखरीची माहिती गोळा करायला पाणबुडी लागत नाही. एक चौकट, एक चिप आणि वर्षभर न थांबता नोंद ठेवणारं एखादं महाविद्यालय पुरेसं आहे.